निवडून उरलेले गहू

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडं आटोपशीर करून देते.

"सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, गेली सोळा वर्षं इकडे आहे. दोन वर्षांपूर्वी दुकानातून परत आलेल्या सुट्ट्या पैशांत माझ्या मुलाला १९४६ ची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, सापडली, मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असलेली. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या एका पेनीने आम्हा दोघांनाही नाद लावला. मग मला ऑनलाइन लिलावात 'अनसर्च्ड', म्हणजे कुणी शोधून न पाहिलेले, पेनीचे रोल दिसले. जुन्या बँकेच्या कागदात बांधलेले, एका टोकाला गव्हाच्या पेनीआधीची इंडियन हेड पेनी, दुसऱ्या टोकाला चांदीची मर्क्युरी डाइम. विक्रेत्याच्या आजोबांनी हे रोल महायुद्धाच्या आधी बँकेतून आणून तळघरात ठेवले आणि तेव्हापासून कुणी उघडून पाहिले नाहीत, असं जाहिरातीत होतं. पहिला ३५ डॉलरला घेतला. काल हिशेब केला तर ३४ रोल झालेत, सुमारे १,४०० डॉलर. त्यातले २७ उघडले. प्रत्येकाच्या टोकांना तीच दोन नाणी, आणि मधे १९४० आणि ५० च्या दशकांतल्या झिजलेल्या पेन्या. एका रोलमधून १९१८ ची निघाली, त्या रात्री मी आणखी चार रोल घेतले. बायकोला मी निम्माच आकडा सांगितला आहे. ही फसवणूक आहे की माझं नशीब? तक्रार करता येईल का? आणि उरलेले सात रोल न उघडता पुन्हा लिलावात टाकले तर? मी ते खरंच शोधलेले नाहीत, तेव्हा 'अनसर्च्ड' म्हटलं तर खोटं ठरत नाही ना?"

स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. नशिबाचा यात काही संबंध नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच एका वाक्यात लिहून पाठवलं आहे: "प्रत्येकाच्या टोकांना तीच दोन नाणी."

ज्यांनी हे रोल पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. पेनीचा रोल म्हणजे कागदाच्या नळीत बांधलेली ५० नाणी. नळीची दोन्ही टोकं आत दुमडलेली असतात, मधे गोल उघडी जागा राहते आणि तिथून दोनच नाणी दिसतात, या टोकाचं एक आणि त्या टोकाचं एक. बाकीची ४८ झाकलेली.

आता धरून चला की पन्नासांत खरोखरच एक इंडियन हेड होती आणि एक डाइम होती, आणि कुणीतरी न बघता ती नळीत भरली. ती दोन नाणी नेमकी दोन टोकांना येण्याची शक्यता १,२२५ मध्ये एक. हे सलग दोन रोलमध्ये घडायचं म्हणजे पंधरा लाखांत एकदा. तुमच्याकडे ते सत्तावीसच्या सत्तावीस रोलमध्ये घडलं, आणि मधल्या जागी एकही इंडियन हेड किंवा डाइम निघाली नाही. ती नाणी तिथे आली नाहीत, ठेवली गेली. आणि ज्याने टोकाला काय ठेवायचं ते ठरवलं, त्याने मधे काय जातंय ते पाहिलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

डाइमची गोष्ट तर आणखी सरळ आहे. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. त्याचा व्यास १७.९१ मिलिमीटर, पेनीचा १९.०५. बँकेतली मोजणी यंत्रं नाणी आकारावरूनच वेगळी करतात. दहा सेंटचं चांदीचं नाणं एक सेंटच्या रोलमध्ये यंत्राने बांधून दिलं, तेही चौतीस वेळा, हे होत नाही. आणि तुमचे ते आजोबा खरे असतील आणि त्यांनी हाताने रोल बांधले असतील, तर १९३० च्या दशकातल्या महामंदीतून गेलेला माणूस दहा सेंट एका सेंटच्या हिशेबात गुंडाळून ठेवील का?

तुम्ही मूळचे सांगलीचे, म्हणून घरातलं उदाहरण देते. वर्षाचे गहू भरताना आपल्याकडे बायका अंगणात सतरंजी पसरून बसायच्या. सुपात गहू घ्यायचे, पाखडायचे, खडे वेचायचे. 'न निवडलेले गहू' हे शब्द आपल्या कानाला फार प्रामाणिक वाटतात, कारण त्यात दुकानदार स्वतःच सांगतो की बाबा, यात खडे असतील. लिलावातलं 'अनसर्च्ड' त्याच भोळेपणावर चालतं, फक्त तिथे उलटं असतं. तिथे खड्यांऐवजी मोती असतील असं सुचवायचं. प्रत्यक्षात पोत्यातले मोती आधीच कुणीतरी वेचून घेतलेले असतात.

आणि एकदा नाही, या पेन्या निदान तीनदा सुपातून गेल्या आहेत. गव्हाच्या ओंब्यांची पेनी १९०९ ते १९५८ या काळात पाडली गेली. १९३० च्या दशकात अमेरिकेत वर्षागणिक भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे बोर्ड निघाले आणि घराघरांतली माणसं गल्ल्यातल्या पेन्या निवडायला बसली. ती पहिली निवड. १९५० आणि ६० च्या दशकांत शाळकरी पोरं बँकेतून रोल आणायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायची, हवं ते काढून बाकीचं परत करायची. ती दुसरी. लिलावात विकणाऱ्याची निवड ही तिसरी, आणि त्याच्यापाशी भिंग आहे, किमतीचे तक्ते आहेत आणि भरपूर वेळ आहे. हा माणूस आठवड्याला वीस-वीस रोल विकत असेल, तर तो नाण्यांचाच व्यापारी आहे. एक रोल उघडून पाहायला त्याला पाच मिनिटं लागतात. आत शंभर डॉलरचं नाणं असण्याची खरी शक्यता असताना ती पाच मिनिटं वाचवून कोणता व्यापारी रोल ४० डॉलरला देईल?

आकडेही बघा. ज्या पेनीसाठी सगळे झुरतात ती १९०९-एस व्हीडीबी. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा 'एस', आणि मागे खाली शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं. ती पाडली ४ लाख ८४ हजार. १९३१-एस ८ लाख ६६ हजार. १९१४-डी, म्हणजे डेन्व्हरची, ११ लाख ९३ हजार. उलट १९४४ या एकाच वर्षी एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १४३ कोटी ५४ लाख पेन्या पाडल्या. म्हणजे एका १९०९-एस व्हीडीबीमागे १९४४ च्या जवळजवळ तीन हजार. कुणीही काही काढून घेतलं नसतं तरी तुम्हाला जन्मभर १९४४ च निघत राहिली असती. काढून घेतल्यावर काय होणार! अशा साध्या झिजलेल्या पेन्या तिथे किलोने, म्हणजे त्यांच्या भाषेत पाउंडाने, विकतात. पाउंडात साधारण १४५ बसतात. रोलच्या हिशेबात भाव काही डॉलर पडतो. तुम्ही दिलेल्या चाळीस डॉलरमधून ते काही डॉलर वजा करा, दोन टोकांच्या नाण्यांचे वजा करा. उरलेले पैसे झाकलेल्या मुठीचे गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तोच भाव लावला होता.

आता तुमच्या फोटोकडे येते, कारण ही खुबी प्रत्येकाने ओळखायला हवी. तुमच्या रोलमध्ये इंडियन हेडची पाठ बाहेर आहे. पानांचं कडं, वर छोटी ढाल, मधे 'वन सेंट'. साल पुढच्या बाजूला असतं, ते आत दडलेलं. म्हणून बघणाऱ्याच्या मनात लगेच १८७७ येतं, जी ८ लाख ५२ हजार ५०० पाडली आणि जिच्यासाठी लोक पुष्कळ पैसे मोजतात. उघडल्यावर बहुधा १९०७ च्या आसपासची निघते. १९०७ साली ती १० कोटी ८१ लाख पाडली होती. डाइमचं उलटं. तुमच्या रोलवर तिचा पुढचा चेहरा बाहेर आहे, पंखांच्या टोपीतली बाई. साल दिसतं, पण टांकसाळीची खूण मागच्या बाजूला असते. १९१६ दिसलं की काळजाचा ठोका चुकतो, कारण त्या वर्षीची डेन्व्हरची डाइम फक्त २ लाख ६४ हजार. पण 'डी' आहे की नाही हे कागदाआड.

मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचं जुनं एक डॉलरचं नाणं, त्याच्या रोलमध्ये हाच डाव मोठ्या रकमेचा होतो. त्यात वीस नाणी. एका टोकाला पाठ दिसते आणि पाठीवर कार्सन सिटी टांकसाळीचं 'सीसी'. दुसऱ्या टोकाला चेहरा दिसतो आणि त्याखाली १८०० च्या घरातलं साल. बघणारा मनातल्या मनात ही दोन अर्धी जोडतो आणि मधल्या अठरांतही तसंच काही असणार असं धरतो. तिथे पाचशे-सातशे डॉलर एका झटक्यात जातात. शिवाय मॉर्गनच्या नकली नाण्यांचा सुळसुळाट आहे. खरं नाणं २६.७३ ग्रॅमचं, ९० टक्के चांदीचं. बंद रोलमधलं एकेक नाणं तुम्ही तोलणार कसं?

मग जुन्या बँकेच्या कागदाचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यावर माझाही विश्वास बसला होता. मी काही वर्षं ओहायोत होते तेव्हाची गोष्ट. ऑनलाइन लिलाव नवे होते. मी एक रोल घेतला, '१९३० च्या दशकात बँकेने बांधलेला, अस्पर्श' अशा वर्णनाचा, २६ डॉलरला. कागद पिवळा पडलेला, कडा मऊ झालेल्या, वर निळ्या शाईत बँकेचं नाव आणि पत्ता. इतका सुंदर होता की मी तो न उघडता कपाटात ठेवला. तीन वर्षांनी घर बदलताना हातात आला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि पत्ता पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. गावाच्या नावापुढे पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, छापला होता. अमेरिकेत झिप कोड सुरू झाला १ जुलै १९६३ ला. मी तिथेच खोक्यावर बसले. पैशांचं दुःख फार नव्हतं. तीन वर्षं मी तो रोल येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, त्याचं वाईट वाटलं.

त्यानंतर मी या कागदांच्या मागे लागले तेव्हा कळलं की बंद पडलेल्या बँकांचे कोरे जुने कागद गठ्ठ्याने विकत मिळतात. नळीची टोकं दुमडायचं यंत्रही मिळतं. म्हणजे कागद खरोखर जुना असू शकतो आणि रोल गेल्या मंगळवारी बांधलेला असू शकतो. तुमच्या उरलेल्या सातांपैकी एकाची कड भिंगाखाली धरा. एकदाच दुमडलेल्या कागदाची वळी एकसारखी घट्ट असते. पुन्हा दुमडलेल्या कागदाला मूळ घडीशेजारी दुसरी पुसट घडी दिसते, कधी बारीक चिरा. दुसरं, टोकाचं नाणं साठ-सत्तर वर्षं तसंच पडून असेल तर उघड्या मधल्या भागाचा रंग आणि कागदाखाली झाकलेल्या कडेचा रंग सहसा वेगळा होतो, नाण्यावर एक गोल कडं उमटतं. तुमच्या फोटोत मला ते कुठेच दिसलं नाही. झिजलेल्या नाण्यावर ते नीट उमटत नाही हेही खरं, म्हणून यावरून एकट्याने निकाल देणार नाही.

खरे मूळ रोल नसतातच असं नाही. १९५०-६० च्या दशकांत लोकांनी कोऱ्या करकरीत नाण्यांचे रोल बँकेतून आणून गुंतवणूक म्हणून साठवले. १९५०-डी निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, जेमतेम २६ लाख ३० हजार पाडलं गेलं, आणि त्यातलं बरंचसं लोकांनी वापरात येऊच दिलं नाही. पण असे रोल एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीचे असतात, आणि विकणारा ते साल छातीठोकपणे सांगतो. वेगवेगळ्या सालांची झिजलेली नाणी, टोकाला मोहक नमुना आणि सोबत आजोबांची कथा, असा माल त्यात मोडत नाही.

तक्रारीबद्दल. 'विक्रेत्याने रोल आधी उघडले होते' असं लिहू नका. ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि तो म्हणेल, मी पन्नास पेन्या देतो म्हणालो होतो, पन्नास दिल्या. पण त्याने एक चूक केली आहे. जाहिरातीत 'महायुद्धाच्या आधी बँकेतून आणलेले' असं ठामपणे लिहिलं आहे, आणि तुमच्या फोटोत त्याच रोलमधल्या पेनीवर १९५६ साल स्वच्छ दिसतं आहे. वर्णनाप्रमाणे माल नाही, हे इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मोठ्या लिलाव साइटवर अशा तक्रारीसाठी साधारण महिनाभराची मुदत असते, म्हणून शेवटी घेतलेल्या रोलपुरतं आजच करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, रोलचा न उघडलेला फोटो, आणि सालासकट त्या पेनीचा फोटो. मजकूर तीन ओळींचा, राग न दाखवता. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडेही दाद मागता येते. जुन्या खरेदीचे पैसे बहुधा गेले असं धरा. त्यांच्यामागे आणखी सहा महिने घालवू नका.

विक्रेत्याला शेकडो चांगले शेरे होते असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. ते शेरे बहुतेकांनी पाकीट हातात आल्या दिवशी लिहिलेले असतात: लवकर मिळालं, छान बांधलं होतं. रोल उघडल्यानंतर, पाचव्या-सहाव्या खरेदीनंतर काय वाटलं, ते तिथे कुणी लिहायला येत नाही. त्यापेक्षा त्याच विक्रेत्याचे संपलेले लिलाव चाळा. महिन्यामागून महिने तीच दोन टोकं, तोच कागद, तीच कथा दिसली, तर एका आजोबांच्या तळघरात इतकं मावलं कसं हे आपोआप कळेल. बोली चढवायला आपलाच माणूस बसवणं हा प्रकारही लिलावात चालतो. शेवटच्या मिनिटाला किंमत २२ वरून ४१ झाली म्हणून माल चांगला, असं समजू नका.

आणि सध्या तर जास्तच सांभाळा. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वापरासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. १७९३ पासून चालत आलेलं नाणं थांबलं. तेव्हापासून 'आता पेनी मिळणार नाही' या शब्दांवर काहीही विकलं जातं आहे. लोकांच्या घरांत आणि बरण्यांत अब्जावधी पेन्या पडून आहेत. साधी पेनी यामुळे रातोरात दुर्मीळ झालेली नाही.

उद्या तुम्हाला एखाद्या रोलच्या टोकाला १९१४-डी दिसलीच, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. १९४४-डी मधला पहिला चार खरवडून त्याचा एक करतात. ओळखायचं कसं? ब्रेनर यांची आद्याक्षरं १९०९ साली काढून टाकली होती आणि १९१८ साली लिंकनच्या खांद्यावर, अगदी कडेला, बारीक अक्षरांत परत घातली. त्यामुळे १९१४ च्या पेनीच्या खांद्यावर व्हीडीबी दिसलं तर ती १९१४ ची नाहीच. खरवडलेल्या नाण्यात नऊ आणि एक यांच्यात अंतरही जास्त दिसतं. १९४३ ची तांब्याची पेनी दाखवली तर आधी लोहचुंबक लावा. त्या वर्षी तांबं युद्धाला लागत होतं म्हणून पेन्या जस्ताचा थर दिलेल्या पोलादाच्या केल्या, सुमारे १०९ कोटी. त्यांनाच तांब्याचा मुलामा देऊन विकतात, आणि मुलामा दिला तरी चुंबक ती उचलतोच.

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे रोलऐवजी 'या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळतील' असे व्हिडिओ फिरतात, आणि मग कमिशन किंवा कर म्हणून आधी पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि तिने कुणालाही आपल्या नावाने पैसे घ्यायला सांगितलेलं नाही.

आता तुमचे सात रोल. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचंच मला बरं वाटलं, कारण न विचारता विकून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, आणि कदाचित तुमच्या विक्रेत्यालाही ते रोल तसेच कुणीतरी विकले असतील. शब्दांच्या हिशेबाने तुम्ही खोटं बोलणार नाही. तुम्ही ते उघडले नाहीत हे खरं. पण सत्तावीस उघडल्यावर बाकीच्या सातांत काय आहे ते तुम्हाला कळलं आहे. घेणाऱ्याला कळलेलं नाही. त्याच्या त्या न कळण्याचे तुम्ही पैसे घेणार. पलीकडे बसलेला कुणीतरी बाप आपल्या पोराला घेऊन तो रोल उघडील आणि दोघं १९४४ मोजत बसतील. नका विकू तसे. उघडा, सालं लिहून काढा, आणि 'साध्या सालांच्या गव्हाच्या पेन्या, इतके नग, मी स्वतः पाहिलेल्या' असं स्पष्ट लिहून घाऊक भावात विका. थोडे पैसे येतील. डाइम मात्र ठेवा. प्रत्येकीत सव्वादोन ग्रॅम चांदी आहे, चौतीस मिळून साडेशहात्तर ग्रॅम, आणि चांदीचा भाव काही तुमच्या विक्रेत्याच्या हातात नाही.

बायकोला उरलेला निम्मा आकडा आज रात्रीच सांगा. पैसे जाण्यापेक्षा आकडा लपवणं घराला जड जातं, आणि तुम्ही लपवत होतात म्हणजे कुठेतरी तुम्हालाही हे छंदापलीकडे गेल्याचं कळत होतं. १९१८ च्या पेनीच्या रात्री चार रोल घेतलेत, तो भाग मी पुन्हा वाचला. शंभर वर्षं जुनं नाणं हातात आल्याचा आनंद खरा असतो, मला तो माहीत आहे. पण नऊ कोरे हात आणि दहावा जरासा बरा, असं ज्या खेळात मिळतं त्यातून माणूस सहज उठत नाही. लॉटरीच्या तिकिटावर निदान जिंकण्याची शक्यता छापलेली असते. लिलावाच्या साइटवरून आपलं कार्ड काढून टाका आणि पुढचे तीन महिने तिथे जाऊ नका. एवढं जमलं नाही तर मला पुन्हा लिहा, आणि त्या वेळी नाण्यांबद्दल न लिहिता त्याबद्दलच लिहा.

मुलाचा नाद तोडायची गरज नाही. त्याला सुरुवातीला जे मिळालं होतं ते दुकानाच्या सुट्ट्या पैशांतून मिळालं होतं, बाप रोल विकत आणायला लागला ते नंतर. त्याला पुन्हा तिकडे न्या. बँकेत जा आणि निकेलचे रोल मागा. चाळीस नाणी, दोन डॉलर. अख्खा बॉक्स घेतला तर पन्नास रोल, शंभर डॉलर. यात तुम्ही हरत नाही, कारण नको असलेली नाणी त्याच किमतीला बँकेत परत जातात. परत करताना शक्यतो दुसऱ्या शाखेत करा, नाहीतर तीच नाणी फिरून तुमच्याकडे येतील, आणि काउंटरवरच्या बाईंशी बोलून घ्या, त्यांना जड पिशव्यांचा त्रास होतो. निकेलच सांगते आहे, कारण पेनीचे बॉक्स आता सगळ्या बँकांत मिळतीलच असं नाही. आणि निकेलमध्ये शोधण्यासारखं पुष्कळ आहे: १९३८ पर्यंतची बायसनच्या चित्राची, १९६० च्या आधीची, आणि सगळ्यांत मजेची युद्धातली. १९४२ च्या मध्यापासून १९४५ पर्यंत निकेल धातू वाचवायला त्या नाण्यांत ३५ टक्के चांदी घातली, आणि ती ओळखू यावीत म्हणून मागच्या बाजूला माँटिसेलोच्या, म्हणजे जेफर्सन यांच्या घराच्या चित्रातल्या, घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर टाकलं. फिलाडेल्फियाचं 'पी' अमेरिकेच्या नाण्यावर पहिल्यांदा तिथेच आलं. रोज सापडणार नाहीत. पण जे सापडेल ते तुमच्या मुलाने शोधलेलं असेल, कुणी टोकाला ठेवलेलं नसेल.

एखादं दुर्मीळ नाणं हवंच असेल तर वर्षातून एकदा, एकच, नाव घेऊन विकत घ्या. तुमच्या १,४०० डॉलरमध्ये १९३१-एस आणि १९१४-डी, दोन्ही खालच्या ग्रेडची पण प्रमाणपत्राच्या डबीतली, आरामात आली असती आणि बरेच पैसे उरले असते. पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांनी तपासून बंद केलेली डबी घ्या, तिच्यावरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून तिथलं वर्णन आणि फोटो हातातल्या नाण्याशी जुळतात का पाहा. डब्याही नकली निघतात. शक्य असेल तर जवळच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीला मुलाला घेऊन जा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन १८९१ पासून चालू आहे आणि मुलांसाठी तिचे वेगळे उपक्रम आहेत. अशा बैठकींत एखादे आजोबा खरेच भेटतात, आणि ते पोराच्या हातात एखादं जुनं नाणं ठेवून त्याची गोष्ट सांगतात.

सात रोल शनिवारी दुपारी उघडा, तिघांनी मिळून. टेबलावर पांढरा टॉवेल पसरा म्हणजे नाणी घरंगळणार नाहीत. मुलाच्या हातात भिंग द्या, वही बायकोकडे द्या. टोकाच्या डाइम उलट्या करून डाव्या अंगाला खाली टांकसाळीचं अक्षर आहे का ते त्याला बघू द्या. फ्रिजवरचा लोहचुंबक जवळ असू द्या. साडेतीनशे नाण्यांत एखादी १९४३ ची पोलादी असायची शक्यता आहे, आणि पेनी चुंबकाला चिकटताना त्याने अजून पाहिली नसेल.

तुमची,
सदरलेखिका